तो मान टाकतो

अकरा पौंड, घरपोच.
खोक्यावर बाण काढलेले, वर कुठलं आणि खाली कुठलं ते सांगायला.
आत तीन पायांचा काळा स्टॅण्ड,
एखादा पाय पाठवायचा राहिला की काय
असं वाटावं इतका हलका.
एका पायाचं रबरी टोपण पहिल्याच दिवशी
सोफ्याखाली घरंगळलं. अजून तिथेच आहे.

मी ब्लायनायच्या पोस्टात पत्रं लावते.
सहाला सुटते. साडेसहाला जिन्याखाली,
कोट आणि झाडू यांच्या मधे
दोन रजया टांगल्या की झाला स्टुडिओ.
आमच्याकडे छपरं पाटीची, कुंपणं पाटीची,
गावामागचे डोंगरसुद्धा पाटीच्या चुऱ्याचे.
त्यावर पाऊस वाजतो तो मायक्रोफोनला
ऐकू जाऊ नये, म्हणून रजया.

मी गायला लागते
आणि तो मान टाकतो.
एकदम नाही.
एकदम पडला असता तर एक शिवी देऊन मोकळी झाले असते.
पहिल्या कडव्याला ओठांसमोर,
दुसऱ्याला हनुवटीशी,
तिसऱ्याला मी स्वतःच्या लॉकेटला गाणं ऐकवत असते.
स्क्रू आवळला. चिकटपट्टी लावली. सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला.
मोज्यात नाणी भरून दांडीच्या दुसऱ्या टोकाला बांधली,
तर रेकॉर्डिंगमध्ये लांब कुठेतरी
कुणी भीक मागत असल्यासारखं ऐकू आलं.

बाबा, म्हणजे इद्वल, बत्तीस वर्षं खाणीत पाट्या चिरत होते.
चॅपेलच्या कॉयरमध्ये सगळ्यात खालचा सूर त्यांचा.
आता छातीत तोच भुगा.
चार पायऱ्या चढले की थांबतात,
आणि थांबलो नाही असं दाखवायला
भिंतीवरचा फोटो सरळ करतात.
तो केव्हाचा सरळ आहे.
एक दिवस न विचारता त्यांनी
तळहाताएवढी पाटी आणली. कडा घासलेल्या,
वर भोक, भोकात चामड्याची वादी.
मोजा सोडवला, पाटी अडकवली, बोटाने दांडी हलवून पाहिली.
"आता बघ."
आता तो सावकाश मान टाकायला लागला.
प्रगतीच म्हणायची.

शुक्रवारी 'तीन मेंढ्या'त नेला, पाठीला बांधून.
बुटाविना असलेला पाय गालिच्याच्या कडेवर,
त्याखाली मेउरिगने बिअरच्या दोन चकत्या सरकवल्या.
दुसऱ्या गाण्याला माझे गुडघे वाकलेले.
पुढच्या टेबलावर अर्ध्या ग्लासाची पैज लागलेली:
कोण आधी बसतं, ती की तो.
मी बसले.
स्टुलावर नाही, जमिनीवरच,
आणि उरलेलं गाणं तिथूनच म्हटलं.
माझ्याकडे बघायला सगळी मागची रांग उभी राहिली.
ग्लास कुणाला मिळाला माहीत नाही. मला नाही.

रविवारी रेकॉर्डर बंद करायला विसरले.
रात्री ऐकलं:
वीस मिनिटं नुसत्या रजया.
मग दार. मग ठेंगण्या बाकावर कुणी बसलं,
बुटाच्या नाड्या,
श्वास, श्वास, कोटाचं बटण कशाला तरी लागलं.
स्टॅण्डची दांडी तेव्हा कुठे होती, मला माहीत होतं.
बसलेल्या माणसाच्या तोंडाशी.
मग दोन ओळी.
आमच्या भाषेत, तळघरातून आल्यासारख्या,
दुसरी मधेच तुटलेली.
मग "हं".
मग दार.

मी काही बोलले नाही.
सोमवारी चहा ओतताना म्हणाले,
"पोर्थमादोगला चांगला स्क्रू मिळेल. बदलून देऊ?"
"असू दे."
साखर ढवळली. बराच वेळ ढवळली.
"दुसरी ओळ खाली लागली."
मी वर पाहिलं.
"लाल दिवा चालू होता, हेउल्वेन. छाती गेलीय, डोळे नाहीत.
परत घ्यायला हवी ती."
"आत्ता?"
"उद्या. आज दोनदा जिना झालाय."